अमेरिकेत म्युझियम आणि ऐतिहासिक ठिकाणं: आजी-आजोबा, मुलं सगळे सोबत आहेत, काय पाहावं?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा प्लीज. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण नाशिकहून अमेरिकेला निघालोय, मी, मिस्टर, लेक सातवीत, मुलगा दुसरीत आणि सासू-सासरे. व्हिसा सगळ्यांचे झालेत. माझे दीर न्यू जर्सीत एडिसनला असतात, लक्ष्मीपूजन त्यांच्याकडेच करायचं ठरलंय, एकूण १८ दिवस हातात आहेत. भाऊजींनी प्रेमाने मोठा प्लॅन पाठवलाय, नायगारा, ऑर्लँडो, लास व्हेगास, सगळं आहे त्यात. पण मला मनापासून वाटतंय की एवढा पैसा घालून एवढ्या लांब जायचं तर मुलांनी त्या देशाचा इतिहास पण बघावा, तिथली म्युझियम बघावी.

हे डोक्यात आलं ते पांडवलेण्यांमुळे. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी मुलांना घेऊन चढलो, तीन नंबरच्या लेण्यात लेक नेहमीसारखी खांबांचे फोटो काढत होती, तिथे एक वयस्कर काका होते, त्यांनी भिंतीवरचा शिलालेख दाखवला आणि म्हणाले बाळ हे एका आईने लिहवून घेतलंय, गौतमी बलश्री, तिच्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल. लेकीने फोन खिशात ठेवला आणि पंधरा मिनिटं त्या भिंतीसमोरून हलली नाही. पुस्तकात हाच धडा तिने पाठ केला होता, पण तिथे उभं राहिल्यावर काहीतरी वेगळंच झालं. मला ते परत व्हायला हवंय.

आता अडचणी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सलग अर्धा तास चालणं झेपत नाही. सासरे ७४ वर्षांचे पण तब्येत ठणठणीत, ओझरला एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, ३४ वर्षं नोकरी केलीय, त्यांना मशीन दाखवलं की झालं. धाकटा कुठेही दहा मिनिटांत कंटाळतो. आणि लेक प्रश्न विचारते, गुलामगिरीबद्दल तिने शाळेत ओझरतं ऐकलंय, तिथे जाऊन ते सगळं समोर आलं तर किती सांगायचं, कसं सांगायचं, मला खरंच कळत नाहीये. वॉशिंग्टनला किती दिवस ठेवू? तिकिटांचा खर्च किती येतो? जे घरच्यांना घेऊन जाऊन आलेत त्यांनी सांगा, यूट्यूब बघून डोकं गरगरायला लागलंय.

ओझर_टाऊनशिप:
ताई तुमचे सासरे एचएएलचे म्हटल्यावर मला लिहायलाच हवं. माझे वडील पण तिथलेच, मिगच्या लाइनवर आयुष्य गेलं त्यांचं. आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात आई-वडील आणि मुलाला घेऊन गेलो होतो.

आधी ते एक ठिकाण सांगतो जे तुम्ही काही झालं तरी सोडू नका. वॉशिंग्टनच्या बाहेर डलेस एअरपोर्टजवळ उदवार-हेझी सेंटर म्हणून आहे, स्मिथसोनियन म्हणजे तिथली सरकारी म्युझियम चालवणारी संस्था, तिच्या एअर अँड स्पेस म्युझियमचाच दुसरा भाग. अवाढव्य हँगर आहे आणि आत विमानंच विमानं, काही जमिनीवर, काही वर टांगलेली. डिस्कव्हरी स्पेस शटल तिथे आहे, ३९ वेळा अंतराळात जाऊन आलेलं, खालच्या काळ्या टाइल्सवर भाजल्याचे डाग अजून दिसतात. सुनीता विल्यम्स २००६ मध्ये पहिल्यांदा अंतराळात गेली ती याच डिस्कव्हरीतून, हे मुलांना तिथे उभं करून सांगा. काँकॉर्ड आहे. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब टाकला ते एनोला गे विमान पण तिथेच आहे, चकचकीत चांदीसारखं, माझा मुलगा ते बघून एकदम गप्प झाला होता.

आणि तिथे एक मिग-२१ आहे. वडिलांना मी आधी सांगितलंच नव्हतं. लांबूनच ओळखलं त्यांनी, चालायचा वेग वाढला, जवळ गेले आणि नाकाकडे बोट करून म्हणाले हा एफ-१३ आहे, जुना, याचा कोन बारीक आहे बघ, आपल्याकडच्या एफएल प्रकारच्या मिगचं नाक मोठं होतं कारण आत रडार बसवायचा होता. मग अर्धा तास ते माझ्या मुलाला एकेक पॅनल दाखवत होते, इथून हात घालायला लागायचा, इथला स्क्रू बोटाला लागायचा. मुलगा दहा वर्षांचा, आजोबा काय काम करायचे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सप्टेंबरमध्ये चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ टीव्हीवर लागला तेव्हा दोघं शेजारी बसून बघत होते.

आता प्रॅक्टिकल. स्मिथसोनियनच्या म्युझियमना तिकीटच नाही, सगळी फुकट, फक्त २५ डिसेंबरला बंद. उदवार-हेझीला गाडी नेली तर पार्किंगचे १५ डॉलर पडतात. शहरातल्या एअर अँड स्पेसला मात्र वेळेचा पास लागतो, तो पण फुकट आहे पण ऑनलाइन आधी काढावा लागतो, सहा जणांना एकाच वेळेचा हवा तर तारीख उघडली की लगेच काढा. तिथे राइट बंधूंचं १९०३ चं खरं विमान आहे आणि अपोलो ११ चं कोलंबिया कॅप्सूल, ज्यात बसून तिघं चंद्रावरून परत आले. आईचा पण गुडघ्यांचाच प्रॉब्लेम, तर स्मिथसोनियनमध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, आत शिरलं की माहितीच्या डेस्कवर मागायची, जो आधी येईल त्याला देतात म्हणून सकाळी दहाला उघडतानाच पोहोचा. आईला पहिल्या दिवशी लाज वाटली, मला काय झालंय व्हीलचेअरवर बसायला असं म्हणाली, दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितली. तुम्ही सासूबाईंना आधीच समजावून ठेवा की अर्धी म्हातारी माणसं तिथे व्हीलचेअरवरच फिरतात.

वॉशिंग्टनला चार दिवस ठेवा, तीन पूर्ण आणि एक उदवार-हेझीचा. दिवसाला एकच मोठं म्युझियम आणि बाहेरचं एखादं स्मारक, त्याच्यावर नाही. आम्ही पहिल्या दिवशी तीन केली, संध्याकाळी कोणालाच काही आठवत नव्हतं.

गंगापूररोडकर:
दादा, काय लिहिलंत! सासऱ्यांना आत्ता काहीच सांगणार नाही, तिथे गेल्यावरच दाखवीन. व्हीलचेअरचं फार बरं झालं. धाकट्यासाठी कोणी काही सांगेल का? आणि न्यू जर्सीतून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे?

पंचवटी_ते_जर्सी:
हाय, मी मूळची पंचवटीची, गेली १४ वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दर वर्षी कोणी ना कोणी नाशिकहून येतं, त्यामुळे हे सगळं आता पाठ झालंय.

धाकट्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवा, ज्युनियर रेंजर. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात जी ठिकाणं आहेत, म्हणजे फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, एलिस आयलंड, वॉशिंग्टनचा नॅशनल मॉल (दुकानांचा नाही, म्युझियम आणि स्मारकांमधलं मोठं मैदान), तिथे रेंजरकडे जाऊन मुलांसाठीची पुस्तिका मागायची. त्यात शोधा, काढा, विचारा अशा गोष्टी असतात, त्या पूर्ण करून परत दाखवल्या की रेंजर मुलाला उजवा हात वर करायला लावून शपथ देतो आणि बॅज देतो. माझा भाचा सात वर्षांचा, कुठे पाच मिनिटं टिकत नाही, त्याने फिलाडेल्फियातल्या लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेच्या इथे एक तास जमिनीवर बसून ती पुस्तिका भरली. बॅज शाळेच्या शर्टाला लावून मखमलाबादला परत गेला.

एका दिवसात करायचं तर फिलाडेल्फिया. एडिसनहून गाडीने दीड तास धरा. लिबर्टी बेल फुकट, तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची रांग. इंडिपेंडन्स हॉलला वेळेचं तिकीट लागतं, ऑनलाइन बुकिंगचा माणशी एक डॉलर पडतो, तेवढाच खर्च. त्याच एका खोलीत १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ मध्ये त्यांची राज्यघटना लिहिली गेली. खोली बघितली की पहिल्यांदा वाटतं एवढीशीच? हिरव्या कापडाची टेबलं, पिसांच्या लेखण्या, आणि समोर जॉर्ज वॉशिंग्टन बसायचा ती खुर्ची, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. घटनेवर सह्या होत असताना बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. रेंजर ही गोष्ट सांगतातच पण इंग्रजीत भराभर सांगतात, सासूबाईंना आणि धाकट्याला तुम्ही आदल्या रात्री मराठीत सांगून ठेवा. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, गोष्ट आधी घरी सांगायची, मग वस्तू दाखवायची. उलट केलं की मुलं पाटी वाचतात आणि पुढे जातात.

आणि निघायच्या आधी मुलांना नारोशंकराची घंटा परत एकदा दाखवा हं, रामेश्वराच्या देवळावरची. आपण लहानपणापासून येता-जाता बघतो, पूर आला की घंटेला पाणी लागलं का विचारतो, पण ती वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेली आहे हे किती मुलांना माहीत असतं? लिबर्टी बेल पण १७५२ मध्ये लंडनहून ओतून आणलेली, आल्या आल्या तडकली, फिलाडेल्फियात वितळवून परत ओतली. आणि तिला लिबर्टी बेल हे नाव स्वातंत्र्ययुद्धात नाही पडलं, ते १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. तुमच्या लेकीचे प्रश्न इथूनच सुरू होतील.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं बोटीचं तिकीट काढलं की त्यातच एलिस आयलंड येतं, बरेच जण पुतळा बघून थकतात आणि एलिसला उतरतच नाहीत. माझ्या मते उलट करायला हवं. बाहेरून अमेरिकेत राहायला येणाऱ्यांची तपासणी त्या बेटावर व्हायची, १८९२ ते १९५४ या काळात तिथून १ कोटी २० लाख माणसं अमेरिकेत आली. वरच्या मोठ्या हॉलमध्ये जायचा जिना होता, लोक सामान घेऊन चढायचे आणि वरून डॉक्टर बघत असायचे, कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय, शंका आली की कोटावर खडूने खूण करायची. डोळ्यांचा आजार बघायला पापणी उलटी करायचे, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडा वापरायचे. मी स्वतः दोन बॅगा घेऊन या देशात आलेली बाई, त्या हॉलच्या बाकावर बसले की अजून मला भरून येतं.

सिडकोवाला:
वरच्या ताईंनी बोटीचं लिहिलंय त्यावर एक सावधगिरी. न्यूयॉर्कला बॅटरी पार्कच्या रस्त्यावर जॅकेट घातलेली माणसं तिकिटं विकतात, अगदी अधिकृत वाटतात. आम्ही पाच जणांची घेतली, भरपूर पैसे दिले, आणि ती बोट बेटावर थांबलीच नाही, लांबून फेरी मारून परत आणलं. आईचा चेहरा बघवत नव्हता. बेटावर उतरवणारी बोट एकाच कंपनीची आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस, तिकीट तिच्या साइटवर काढा नाहीतर पार्कातल्या कॅसल क्लिंटन नावाच्या जुन्या गोल किल्ल्याच्या आत खिडकी आहे तिथे. तुम्ही एडिसनहून येणार तर जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून पण तीच बोट सुटते, गर्दी कमी असते. आणि नुसता पुतळा बघायचा असेल तर स्टेटन आयलंडची फेरीबोट फुकट आहे, जवळून जाते, आजी-आजोबांना बसूनच दिसेल.

दुसरं म्हणजे सगळंच फुकट धरू नका. वॉशिंग्टन फुकट आहे म्हणून न्यूयॉर्कमध्ये पण असेल असं आम्हाला वाटलं होतं. मेट्रोपॉलिटन म्युझियमला मोठ्यांना ३० डॉलर आहेत, लहान मुलांना फुकट. हवं तेवढं द्या हा प्रकार न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांसाठी आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकटच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, बाहेरच्या पाहुण्यांसाठी नाही.

आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं) धाकट्याला घेऊन मुख्य प्रदर्शनात जाऊ नका, त्यांची स्वतःचीच सूचना आहे की ११ वर्षं आणि त्याच्या वरच्यांसाठी. मी एकटा गेलो होतो. छळछावण्यांतून आणलेले बूट एका खोलीत दोन्ही बाजूंना रचलेत, हजारो, आणि चामड्याचा जुना वास येतो. अजून तो वास नाकात आहे. तुमच्या लेकीला न्यायचं का ते तुम्हीच ठरवा, पण एकाने धाकट्याला घेऊन बाहेर थांबायची तयारी ठेवा.

निवृत्त_मास्तर:
गंगापूररोडकर ताई, मी ३० वर्षं इतिहास शिकवलाय, मुलाकडे दोनदा जाऊन आलोय. तुमचा गुलामगिरीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून सविस्तर लिहितो.

ते टाळू नका. मुलगी सातवीत आहे, तिला झेपतं. आणि नाशिकच्या मुलीला तर हे समजावायला आपल्याकडे उदाहरण घराजवळ आहे. तिला काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी घेऊन जा आणि सांगा की २ मार्च १९३० ला इथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली, देवळात जाऊ द्या एवढंच मागत होती, आणि दरवाजे बंद केले होते. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षं चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. हे एकदा तिच्या डोळ्यासमोर असलं की तिथलं परकं वाटत नाही. माणसाला माणूस न मानणं म्हणजे काय ते तिला आपल्याच गावात कळलेलं असेल.

मग वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियम आहे, २०१६ ला उघडलं, स्मिथसोनियनचंच, फुकट, वेळेचा पास काढा. त्याची रचना बघण्यासारखी आहे. लिफ्टने खाली जमिनीच्या पोटात उतरवतात, पंधराव्या शतकात, तिथे अंधार आणि छत खाली आहे, आणि मग उतारावरून चालत चालत काळ पुढे सरकतो, तसतसे आपण वर येतो. उतार आहे, जिने नाहीत, त्यामुळे व्हीलचेअरवाल्यांनाही सगळं बघता येतं. साउथ कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावरून गुलामांची राहायची खरी लाकडी झोपडी उचलून आणून आत उभी केलीय. आणि एका ठिकाणी थॉमस जेफरसनचा पुतळा आहे, ज्याने सगळी माणसं समान जन्मतात हे वाक्य लिहिलं तोच, आणि त्याच्या मागे विटांची भिंत रचलीय. प्रत्येक विटेवर एकेक नाव आहे, जेफरसनच्या मालकीच्या गुलामांची नावं. त्याने आयुष्यात ६०० च्या वर माणसं मालकीची म्हणून बाळगली. माझी नात तेव्हा बारा वर्षांची, तिने मोठ्याने नावं वाचायला सुरुवात केली, नुसती पहिली नावं, आडनावं नाहीत. चारपाच नावं वाचून मला विचारलं, आबा, ह्यांना आडनाव का नाही? मी तिला एवढंच सांगितलं की मालकाला ते लिहायची गरज वाटली नाही. त्याच्यापुढे भाषणाची काही जरुरीच पडली नाही. तुमची मुलगी विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या, खरं द्या, आणि तिला थांबून वाचायला वेळ द्या.

त्याच संध्याकाळी लिंकन मेमोरियलला जा. पायऱ्या खालच्या पाण्यापासून मोजल्या तर ८७ आहेत, सासूबाईंना खाली बाकावर बसवलं तरी चालेल, पुतळा खालूनही दिसतो. वर जाताना एका पायरीच्या सपाटीवर कोरलंय की मार्टिन ल्युथर किंग इथे उभे राहून २८ ऑगस्ट १९६३ ला बोलले. अक्षरं फिकट आहेत, शोधावी लागतात, हे काम मुलांना द्या. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, गांधीजींच्या खोलीत, हे पण सांगा. त्यांचं स्वतःचं स्मारक तिथून जवळच पाण्याकाठी आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्या लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे. अलीकडे बाहेरच्यांना कॅम्पसमध्ये सहज सोडत नाहीत, चौकशी करूनच जा, पण नुसतं गेटपाशी उभं राहूनही मुलीला सांगता येईल की काळारामच्या दरवाजाबाहेर उभा राहणारा माणूस त्याच्या सतरा वर्षं आधी या गेटातून आत गेला होता.

कॉलेजरोड_वाचक:
मास्तर, विटांचं वाचून अंगावर काटा आला.

मी एक वेगळं सुचवते, कोणाच्या यादीत नसतं. आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस पण पूर्ण नव्हती. हे आपल्याला माहीत असतं, पण त्यांची रक्षा कुठे आहे हे मला तिकडे जाईपर्यंत माहीत नव्हतं. न्यू जर्सीत त्यांना स्वतःच्या घरी मुलीसारखं ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशी होत्या, त्यांच्याकडे ती पाठवली गेली आणि त्यांनी ती आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली, न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी नावाचं गाव आहे तिथे. ग्रँड सेंट्रलवरून रेल्वेने दोन तास, हडसन नदी सगळा वेळ डाव्या खिडकीतून दिसते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडं लाल-पिवळी असतात.

मी आणि माझी मुलगी गेलो होतो. रुरल सिमेटरी म्हणतात, मोठी आहे, ऑफिसमध्ये नाव सांगितलं की नकाशावर खूण करून देतात. साधा दगड आहे, त्यावर नाव, पुढे एम. डी., आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं लिहिलंय. आजूबाजूला सगळी कार्पेंटर मंडळी. मुलीने घरून आणलेलं हळदी-कुंकू ठेवायचं का विचारलं, मग आम्ही तिथलंच एक लाल पान ठेवलं. मोठं काही बघितल्यासारखं नाही तिथे, पण आम्ही दोघी परतीच्या गाडीत काही बोललो नाही. तुमची लेक बारा वर्षांची आहे ना, आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या, ते बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, डॉक्टर मिळाला नाही म्हणून, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. सांगा तिला.

ओझर_टाऊनशिप:
ह्या पकीप्सीचं मला माहीतच नव्हतं, परत गेलो तर नक्की.

एक राहिलं होतं, धाकट्यासाठी आणि आजींसाठी नॅचरल हिस्टरी म्युझियम, नॅशनल मॉलवरच. दारातच मोठा हत्ती, वर होप डायमंड. ४५.५२ कॅरटचा निळा हिरा, आपल्याकडच्या गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतला, टॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने नेला आणि फ्रान्सच्या राजाला विकला. शेवटी १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन नावाच्या जवाहिऱ्याने म्युझियमला दिला तो साध्या रजिस्टर पोस्टाने पाठवून, हे माझ्या मुलाला फारच आवडलं होतं. तिथेच खनिजांचं मोठं दालन आहे. जायच्या आधी सिन्नरचं गारगोटी म्युझियम दाखवून न्या, आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सापडणारे स्फटिक एकदा ओळखीचे झाले की मुलं तिथे ओळखीचं काय सापडतंय ते शोधत बसतात.

जेवणाचं म्हणाल तर म्युझियमच्या आत दालनात खाता येत नाही, कॅन्टीन महाग आहेत. आम्ही रोज हॉटेलवरून धपाटे आणि लोणचं घेऊन निघायचो, मॉलच्या हिरवळीवर बसून खायचो.

आणि हो, एक महत्त्वाचं. ही सगळी सरकारी ठिकाणं आहेत, तिथलं बजेट संसदेत अडकलं की बंद पडतात. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस शटडाऊन चालला आणि मध्येच स्मिथसोनियनला कुलूप लागलं. तुमची वेळ नेमकी तीच आहे, म्हणून निघायच्या आठवड्यात बातम्या बघा. तसं झालंच तर माउंट व्हर्नन धरा, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, ती खासगी संस्था आहे, तिकीट आहे पण बंद नसते. तिथे गुलामांच्या राहायच्या खोल्या आणि त्यांची दफनभूमी पण दाखवतात, मास्तर म्हणतात ते तिथेही आहे.

गंगापूररोडकर:
काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत. काल रात्री मिस्टरांना आणि फोनवर भाऊजींना सगळं वाचून दाखवलं. व्हेगास आणि ऑर्लँडो रद्द केलं, नायगारा ठेवलाय कारण सासूबाईंची लहानपणापासूनची इच्छा आहे. वॉशिंग्टन चार दिवस, फिलाडेल्फिया एक, लिबर्टी आणि एलिस एक, आणि पकीप्सीला मी आणि लेक दोघीच जाणार. जाऊबाई म्हणाल्या की मी पंधरा वर्षं इथे राहते आणि मला हे माहीत नाही, मी पण येते, तर आता तिघी. होलोकॉस्टचं अजून ठरवलं नाही, लेकीशी बोलून बघते.

रविवारी सकाळी काळारामला जाऊन आलो. पूर्व दरवाजापाशी उभं राहून सांगितलं तिला, मास्तर तुम्ही लिहिलंय तसंच. तिने विचारलं की मग आत कोणी सोडलं, कधी सोडलं, दरवाजा कोणी उघडला. मला नीट सांगता आलं नाही, आता वाचतेय. तिथून नारोशंकराच्या घंटेकडे, धाकट्याने विचारलं वाजवता येते का.

सासऱ्यांना मिगचं सांगितलं नाहीये, पण काल मुद्दाम विषय काढला तर कपाटातून एचएएलचा जुना ग्रुप फोटो काढून आणला त्यांनी, मागे पेन्सिलने सगळ्यांची नावं लिहिलीत. तो फोटो सोबत घेऊन जाते आहे, त्या विमानासमोर उभं करून त्यांच्या हातात देईन.

एकच विचारायचंय, नोव्हेंबरात बोटीवर थंडी कितपत असते? सासूबाईंना स्वेटर पुरेल का?

पंचवटी_ते_जर्सी:
स्वेटर नाही पुरणार, पाण्यावरचा वारा बोचतो. कानटोपी आणि जाड मफलर नाशिकहूनच आणा, जॅकेट माझ्याकडे दोन जास्तीची आहेत, एडिसन माझ्यापासून वीस मिनिटांवर आहे, आणून देते. बोटीत खालच्या मजल्यावर बंद काचांची जागा असते, आजींना तिथे खिडकीपाशी बसवा, पुतळा तिथून पण छान दिसतो. आणि पहिली बोट पकडा, उशीर केला तर एलिसला वेळ उरत नाही.